केंब्रिजचे सोमवार: कॉलेजच्या गावात विज्ञान मंडळ टिकतं कसं

प्रश्न थोडक्यात असा आहे की तालुक्याचं गाव आहे, तीन-चार कॉलेजं आहेत, सायन्सचे प्राध्यापक आहेत, शाळेतले शिक्षक आहेत, दोन हौशी डॉक्टर आहेत, आणि सगळ्यांना मिळून एक विज्ञान मंडळ काढायचंय. पण पहिल्याच बैठकीत एक जण म्हणाला की गावातल्या मंडळांनी कधी विज्ञान घडवलंय का हो, ते सगळं मोठ्या लॅबमध्ये होतं, आपण फार तर भाषणं ठेवू आणि चहा पिऊ. तर असं एखादं मंडळ इतिहासात आहे का, ते कसं सुरू झालं, कसं टिकलं, आणि त्यातलं आपल्याला काय घेता येईल, हे सविस्तर हवंय.

मी फिजिक्स शिकवलं, आमच्या गावच्या मंडळाची चिटणिसी बरीच वर्षं केली, आणि अशा जुन्या संस्थांचा इतिहास वाचणं हा माझा नाद आहे. त्यामुळे उत्तर लांबणार, आधीच सांगून ठेवतो.

उदाहरण घेतो केंब्रिज फिलॉसॉफिकल सोसायटीचं. नावात फिलॉसॉफिकल असलं तरी काम सगळं विज्ञानाचं, तेव्हा तसंच म्हणायचे. तुम्ही म्हणाल केंब्रिज कुठे आणि आपलं गाव कुठे, पण १८१९ सालचं केंब्रिज डोळ्यासमोर आणा. लंडनपासून घोडागाडीच्या रस्त्यावरचं एक छोटं गाव, रेल्वे नाही, केंब्रिजची पुढे गाजलेली भौतिकशास्त्राची कॅव्हेंडिश लॅब नाही (ती १८७४ ची), आणि विद्यापीठात विज्ञानाची पदवीच नाही. मानाची, म्हणजे ऑनर्सची, पदवी हवी तर गणित. त्यातही न्यूटनच्या काळच्या पद्धतीचं. ट्रायपॉस नावाची ती जीवघेणी परीक्षा आणि तिच्यात पहिल्या वर्गात येणारे रँग्लर. आपले रँग्लर परांजपे १८९९ मध्ये तिथे पहिले आले म्हणून आपल्याकडे तो शब्द घरोघरी झाला, पण त्यांच्या ऐंशी वर्षं आधी त्याच गावात एखाद्याला दगड, पाखरं, वनस्पती, वीज याबद्दल चार लोकांत बोलायचं असेल तर सोय नव्हती. केमिस्ट्रीचे, बॉटनीचे प्रोफेसर नावाला होते, त्यांच्या लेक्चरला गेलं काय आणि नाही गेलं काय, परीक्षेला काही फरक पडत नसे. नॅचरल सायन्सेसची वेगळी परीक्षा पहिल्यांदा झाली ती १८५१ मध्ये, म्हणजे सोसायटी निघाल्यानंतर तीस वर्षांनी! जे विद्यापीठ करत नव्हतं ते आधी गावातल्या मंडळाने केलं, हे तुमच्या त्या बैठकीतल्या गृहस्थांना पहिलं सांगा.

निघाली कशी तर सहलीतून. १८१९ च्या ईस्टरच्या सुट्टीत अ‍ॅडम सेजविक आणि जॉन स्टीव्हन्स हेन्स्लो हे दोघं आइल ऑफ वाइट बेटावर दगड बघत हिंडत होते. सेजविक वर्षभरापूर्वीच जिऑलॉजीचा प्रोफेसर झालेला, आणि गंमत म्हणजे नेमणूक झाली तेव्हा त्याला जिऑलॉजी फारशी येत नव्हती, तो गणितवाला. हेन्स्लो तर बावीस-तेवीस वर्षांचा, नुकता पदवीधर. चालता चालता दोघांचं ठरलं की केंब्रिजला अशा गोष्टी बोलायला एक जागा हवी. परत आल्यावर एडवर्ड डॅनियल क्लार्क यांना गाठलं. हा खनिजशास्त्राचा प्रोफेसर, भरपूर देश पाहिलेला, गावात वजन असलेला आणि भाषणाला उभा राहिला की हॉल भरणारा माणूस. नोव्हेंबरमध्ये सभा झाली, सोसायटी स्थापन झाली. दोन तरुण पोरांची कल्पना आणि एका वजनदार ज्येष्ठाचा आधार, ही जोडी लक्षात ठेवा. नुसत्या ज्येष्ठांनी काढलेली मंडळं सत्काराची होतात आणि नुसत्या पोरांनी काढलेली परीक्षेच्या महिन्यात बंद पडतात. हे दुसरंही केंब्रिजला होऊन गेलेलं होतं: १८१२ मध्ये बॅबेज, हर्शेल, पीकॉक या विद्यार्थ्यांनी अ‍ॅनालिटिकल सोसायटी काढली, युरोपातलं नवं कॅल्क्युलस इंग्लंडात आणायचं म्हणून, १८१३ मध्ये एक ग्रंथही छापला, आणि मग एकेक जण पास होऊन गाव सोडून गेला तशी सोसायटी विरली. त्यांचं काम वाया गेलं नाही, पीकॉकने पुढे परीक्षेतच नवी पद्धत घुसवली, पण संस्था म्हणून ती गेली.

आता फिलॉसॉफिकल सोसायटी मात्र का टिकली, हा खरा प्रश्न.

मी एकदा सहज तिच्या गाजलेल्या बैठकांच्या तारखा काढल्या आणि कॅलेंडरवर वार बघितले. २१ फेब्रुवारी १८२५, सोमवार. १२ नोव्हेंबर १८३२, सोमवार. १६ नोव्हेंबर १८३५, सोमवार. १४ एप्रिल १८४५, १० डिसेंबर १८५५, २५ जानेवारी १९०९, ११ नोव्हेंबर १९१२, सगळे सोमवार. मध्ये राजे बदलले, रेल्वे आली, गॅसचे दिवे जाऊन विजेचे आले, पण टर्म चालू असेल तर सोमवारी संध्याकाळी सोसायटी. म्हणजे आपल्याकडे जसं एकादशीला देवळात भजन असतंच, बोलावणं करावं लागत नाही, तसं. वक्ता मिळाला तर कार्यक्रम ठेवू असं म्हणणारं मंडळ मी आजवर टिकलेलं पाहिलेलं नाही, कारण मग दर वेळी सेक्रेटरीला वीस फोन करावे लागतात आणि सेक्रेटरी म्हणजे शेवटी माणूसच. वार ठरलेला असेल तर उलटं होतं, लोक आपणहून येतात आणि कोणाला काहीतरी बोलावंच लागतं.

आणि दुसरी गोष्ट, छपाई. सुरुवातीपासून यांनी ठरवलं की इथे वाचलेला निबंध छापायचा. ट्रान्झॅक्शन्स नावाच्या या निबंधसंग्रहाचा पहिला खंड १८२२ पर्यंत पूर्ण झाला, मग १८४३ पासून छोट्या टिपणांसाठी प्रोसीडिंग्ज नावाचा अंक. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण या कागदांत काय काय आलं ते बघितल्याशिवाय तुमच्या शंकेखोर मित्राला उत्तर मिळणार नाही.

पहिल्याच खंडात पहिले अध्यक्ष विल्यम फॅरिश यांचा निबंध आहे, आयसोमेट्रिकल पर्स्पेक्टिव्हवर, म्हणजे वस्तूच्या तिन्ही बाजू एकाच मापाने एका चित्रात दाखवायच्या पद्धतीवर. आयटीआयच्या आणि डिप्लोमाच्या पोरांना पहिल्या वर्षाला जो आयसोमेट्रिक व्ह्यू काढायला लावतात ना, त्याचे नियम पहिल्यांदा नीट मांडले ते इथे. आणि का मांडले, तर फॅरिश वर्गात यंत्रांची चालती मॉडेल्स दाखवायचे, दर लेक्चरला तेच सुटे भाग वेगळ्या पद्धतीने जोडायचे, आणि मदतनीसाने बरोबर जोडावेत म्हणून त्याला समजेल असं चित्र हवं होतं. शिकवण्यातली अडचण, तिच्यावरचा उपाय, तो मंडळात वाचला, छापला. एवढंच. तुमच्याकडे असल्या अडचणी प्रत्येक प्रॅक्टिकलला येत असतील.

२१ फेब्रुवारी १८२५ ला जॉर्ज एअरी नावाच्या तेवीस वर्षांच्या तरुणाने स्वतःच्या डोळ्याबद्दल निबंध वाचला. त्याचा डावा डोळा बिघडलेला, प्रकाशाचा बिंदू त्याला बिंदू न दिसता रेघ दिसायची. त्याने मोजमापं घेतली, कोणत्या दिशेला किती दोष आहे ते काढलं, आणि एका बाजूने सिलिंड्रिकल भिंग लागेल असा हिशोब केला. मग इप्सविचच्या फुलर नावाच्या चष्मेवाल्याकडून तसं भिंग घासून घेतलं. आज नेत्रतपासणीच्या कागदावर ‘सिल’च्या रकान्यात जो नंबर असतो त्याची सुरुवात ही. हाच एअरी पुढे इंग्लंडचा राजज्योतिषी झाला, आणि दुर्बिणीत तारा बिंदू न दिसता बारकी चकती का दिसते, ज्याला आपण एअरी डिस्क शिकवतो, तो १८३५ चा निबंधही याच ट्रान्झॅक्शन्समधला.

पण माझ्या सगळ्यात आवडीचा किस्सा जॉर्ज ग्रीनचा. नॉटिंगहॅमजवळच्या पवनचक्कीवाल्याचा आणि बेकरीवाल्याचा मुलगा, शाळा जेमतेम वर्षभर, दिवसा चक्की चालवायची आणि वेळ मिळेल तेव्हा गणित. १८२८ मध्ये त्याने वीज आणि चुंबकत्वावर गणिती निबंध वर्गणी काढून स्वतः छापला, पन्नासेक लोकांनी घेतला, त्यातल्या बहुतेकांना तो कळला नसणार. एकाला मात्र कळला. सर एडवर्ड ब्रॉमहेड, लिंकनशायरचा जमीनदार, त्या बुडालेल्या अ‍ॅनालिटिकल सोसायटीतला जुना गडी. त्याने ग्रीनला पत्र लिहिलं, पुढचं काय असेल ते पाठव म्हणाला, आणि ते केंब्रिजच्या सोसायटीकडे दिलं. १२ नोव्हेंबर १८३२ च्या सोमवारी ग्रीनचा निबंध तिथे वाचला गेला आणि १८३३ मध्ये छापला गेला, तेव्हा ग्रीन विद्यापीठात साधा विद्यार्थीसुद्धा नव्हता! त्यानंतर चाळिसाव्या वर्षी त्याने कॉलेजात नाव घातलं, १८३७ मध्ये चौथा रँग्लर झाला. ग्रीन्स थिअरम आणि ग्रीन्स फंक्शन एमएस्सीला सगळे घोकतात, त्याच्यामागे हा चक्कीवाला आहे. सोसायटीचा नियम असा होता की सदस्य होण्यासाठी विद्यापीठाची पदवी पाहिजे, पण निबंध सदस्याने पुढे ठेवला तर लिहिणारा कोण हे बघायचे नाहीत. तुमच्या घटनेत हे एक कलम नक्की घाला. तुमच्या तालुक्यात एखादा मोटर रिवाइंडिंगवाला, एखादा द्राक्षबागायतदार, एखादी आशा वर्कर असेल की जिच्याकडे वर्षांच्या नोंदी पडून आहेत, आणि ती तुमच्या सभासद यादीत कधीच येणार नाही.

पदवीची अट वाईटच होती, ते झाकत नाही. त्या अटीमुळे विद्यार्थी बाहेर, गावातले कारागीर बाहेर, आणि बायका तर बाहेरच, कारण केंब्रिजने बायकांना पूर्ण पदवी द्यायला १९४८ साल उजाडलं. जुन्या संस्थांच्या चांगल्या गोष्टी घ्यायच्या म्हणजे ही घाण पण उचलायची असं नाही.

विद्यार्थी बाहेर यावरून डार्विन आठवला. १८२८ ते १८३१ तो केंब्रिजला होता, शिकत कमी आणि भुंगे जास्त गोळा करत, पण हेन्स्लोच्या मागे मागे सतत. मग बीगल जहाजावर गेला आणि दक्षिण अमेरिकेतून हेन्स्लोला पत्रं आणि पेट्या पाठवत राहिला. १६ नोव्हेंबर १८३५ ला हेन्स्लोने त्या पत्रांतले उतारे सोसायटीत वाचले, आणि १ डिसेंबरची तारीख घालून एकतीस पानांची पुस्तिका सदस्यांना वाटायला छापली. डार्विनला पत्ताच नाही, तो समुद्रावर! कळलं तेव्हा आधी तो हादरला, घाईघाईत कसंही लिहिलेलं छापलं म्हणून. पण पुढे आत्मचरित्रात लिहितो की असेन्शन बेटावर बहिणींचं पत्र आलं, सेजविक वडिलांना भेटून तुझं नाव मोठं होणार म्हणाला असं त्यात होतं, ते वाचून मी डोंगर उड्या मारत चढलो आणि दगडांवर हातोडा दणादण वाजवला. त्या उताऱ्यांमुळेच १८३६ च्या ऑक्टोबरात तो परतला तेव्हा जाणकारांना त्याचं नाव आधीच माहीत होतं. बाहेरगावी पीएचडीला गेलेला, सर्व्हेच्या नोकरीत हिंडणारा, जहाजावर असलेला तुमचा माजी विद्यार्थी असेलच ना, त्याची पत्रं, आता मेसेज म्हणा, मंडळात वाचून दाखवा. परवानगी मात्र घ्या, हेन्स्लोने घेतली नव्हती.

बाकी भराभर सांगतो. १४ एप्रिल १८४५ ला स्टोक्सने द्रवाच्या अंतर्गत घर्षणावर निबंध वाचला, आज विमान, पाइपलाइन, हवामान सगळ्यांच्या गणितात ती समीकरणं आहेत. १० डिसेंबर १८५५ ला चोवीस वर्षांच्या मॅक्सवेलने फॅरेडेच्या बलरेषांवर अर्धा निबंध वाचला आणि उरलेला पुढच्या ११ फेब्रुवारीला, विद्युतचुंबकत्वाच्या सिद्धांताची पहिली पायरी ती. २५ जानेवारी १९०९ ला जी. आय. टेलर या पोराचं टिपण आलं, सुईच्या सावलीचे फोटो इतक्या मंद उजेडात घेतले की मैलभरापेक्षा थोड्या लांब ठेवलेल्या मेणबत्तीचा येईल तेवढा प्रकाश, आणि एक फोटो तब्बल दोन हजार तास, म्हणजे जवळजवळ तीन महिने. प्रकाशाच्या लहरींमुळे सावलीच्या कडेला जे पट्टे दिसतात ते तरीही तसेच आले. सामान काय, तर गॅसची ज्योत, काजळी धरलेल्या काचा आणि शिवणाची सुई. याच्याइतका स्वस्त आणि याच्याइतका खोल प्रयोग मला दुसरा माहीत नाही, आणि तो दोन पानांत मावलाय.

११ नोव्हेंबर १९१२. विल्यम लॉरेन्स ब्रॅग, वय बावीस. जर्मनीत लाउए या भौतिकशास्त्रज्ञाच्या लोकांनी स्फटिकातून एक्स-रे पाठवून ठिपके मिळवले होते, त्यांचा अर्थ नीट लागत नव्हता. ब्रॅगने तो साध्या परावर्तनाने लावला, स्फटिकातल्या अणूंच्या थरांवरून किरण परत फिरतात असं धरून. निबंध कॅव्हेंडिश लॅबचे प्रमुख जे. जे. थॉमसन यांनी सोसायटीपुढे ठेवला. शीर्षकात एक्स-रे शब्द नाही, ‘लहान विद्युतचुंबकीय लहरी’ असं काहीसं आहे, कारण वडील ब्रॅग तेव्हा एक्स-रे म्हणजे कण असं मानायचे, त्यांचं मन राखायला पोराने सांभाळून लिहिलं असं सांगतात. तीन वर्षांत बाप-लेकांना मिळून नोबेल. बारावीच्या पुस्तकात ब्रॅगचा नियम आहे, तो गावच्या मंडळाच्या प्रोसीडिंग्जमध्ये छापलेला आहे.

आणि रामानुजन. टाऊ फंक्शन या अंकगणितातल्या फलनाचा तो प्रसिद्ध निबंध १९१६ मध्ये याच सोसायटीच्या ट्रान्झॅक्शन्समध्ये आला. त्यातलं एक अनुमान सिद्ध व्हायला १९७४ उजाडलं, डेलिन्यने केलं. १९१९ च्या प्रोसीडिंग्जमध्ये त्याचं चार पानी टिपण आहे, एखादी संख्या बेरजेने किती प्रकारे मांडता येते याबद्दल: शेवटचा अंक ४ किंवा ९ असेल तर ते प्रकार नेहमी ५ ने भागले जातात. ४ चे ५ प्रकार, ९ चे ३०, १४ चे १३५, करून बघा, आठवीतल्या पोरालाही पहिला करता येतो. १८ फेब्रुवारी १९१८ ला त्याला सोसायटीचा फेलो केलं, रॉयल सोसायटीची निवड मे महिन्यात झाली, म्हणजे गावच्या मंडळाने आधी ओळखलं. वार बघितला का? सोमवारच.

आता दुसरी बाजू, कारण हे ऐकून लोक लगेच म्हणतात की चला, मग एक वास्तू बांधू. १८३२ मध्ये सोसायटीला राजाची सनद मिळाली, म्हणजे संस्थेच्या नावावर मालमत्ता घेता येईल अशी कायदेशीर ओळख, आणि लगेच १८३३ मध्ये ऑल सेंट्स पॅसेजमध्ये स्वतःचं घर. सभागृह, वाचनालय, संग्रहालय. वाचनालयात वर्तमानपत्रं यायची आणि बऱ्याच सदस्यांना सोसायटी म्हणजे पेपर वाचायची बरी जागा एवढंच वाटत असावं, असा माझा अंदाज आहे, आपल्याकडच्या क्लबांत हेच होतं. संग्रहालयात हेन्स्लो आणि निसर्ग-अभ्यासक जेनिन्स यांनी दिलेले कीटक, शंख, नंतर बीगलवरचे डार्विनचे मासेसुद्धा, जेनिन्सनेच त्यांची वर्णनं केली होती. ऐकायला झकास, पण घराचा खर्च, नोकराचा पगार, पेट्यांची बिलं, भुसा भरलेल्या पाखरांना लागणारी कसर, हे सगळं वर्गणीतून. पैशाची ओढाताण झाली आणि १८६० च्या दशकात सोसायटीने घर सोडलं, संग्रह विद्यापीठाला दिला, विद्यापीठाच्या आवारात खोल्या घेतल्या. ते मासे आज विद्यापीठाच्या झूऑलॉजी म्युझियममध्ये आहेत आणि मंडळाकडे राहिले असते त्यापेक्षा चांगले आहेत. इमारत फंडाच्या पावतीपुस्तकावरून भांडून फुटलेली मंडळं मी जवळून पाहिली आहेत, नाव कोणाचं घेत नाही. कॉलेजची एक खोली आणि एक कुलपाचं कपाट, बास.

घर गेलं, संग्रह गेला, आणि तरी संस्था वाढली, ती छापलेल्या कागदावर. कशी ते सांगतो, कारण ही युक्ती कोणी सांगत नाही. ट्रान्झॅक्शन्सच्या प्रती ते इतर गावांच्या, इतर देशांच्या सोसायट्यांना पाठवायचे आणि बदल्यात त्यांची जर्नल्स यायची. पैसे न देता जगभरचं विज्ञान कपाटात येऊन पडायचं. त्या अदलाबदलीतून एवढं ग्रंथालय झालं की १८८१ नंतर ते विद्यापीठाच्या विज्ञानवाल्यांचं मुख्य नियतकालिक ग्रंथालय बनलं. पुढे प्रोसीडिंग्जला जगभर ग्राहक मिळाले, १९२३ पासून जीवशास्त्राचं वेगळं जर्नल निघालं, तेच आजचं बायॉलॉजिकल रिव्ह्यूज, आणि जुन्या प्रोसीडिंग्जचं १९७५ मध्ये मॅथेमॅटिकल प्रोसीडिंग्ज झालं. आज सोसायटी विद्यार्थ्यांना प्रवासाला, संशोधनाला जे पैसे देते ते मुख्यतः या दोन जर्नलांच्या कमाईतून. ज्याच्यावर खर्च केला ते घर गेलं, आणि ज्याला नुसतं इतिवृत्त समजत होते ते दोनशे वर्षांनी पोटाला घालतंय.

एक खबरदारी. वर मी निवडून निवडून हिरे दाखवलेत. जुने खंड चाळले तर कितीतरी निबंध असे की आज कोणी उघडत नाही, कुठल्या तरी खनिजाचं वर्णन, कुठल्या तरी समीकरणाची आणखी एक सोडवणूक. मला त्याची लाज वाटत नाही, उलट तेच बरोबर वाटतं. ग्रीनचा निबंध आला त्या संध्याकाळी तो मोठा आहे हे खोलीतल्या किती जणांना कळलं असेल? त्याचं १८२८ चं मूळ काम तर तो वारल्यावर, १८४५ च्या सुमारास भौतिकशास्त्रज्ञ केल्विनने शोधून काढलं. मंडळाने निवड करायचीच नसते असं नाही, पण ‘आमच्या दर्जाचं’ असं म्हणत बसलात तर पहिल्या वर्षीच पानं कोरी राहतील.

आपल्याकडे हे झालंच नाही असंही नाही. मुंबईत १८८३ मध्ये आठ जणांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी काढली, त्यात दोन आपले होते, प्रार्थना समाजाचे डॉ. आत्माराम पांडुरंग आणि रखमाबाईंचे सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन. महिन्याला एक बैठक, आधी भायखळ्याच्या म्युझियममध्ये, मग फोर्ब्स स्ट्रीटवर फिप्सन नावाच्या सदस्याच्या वाइनच्या दुकानातली एक खोली मिळाली. १८८६ पासून जर्नल. ते जर्नल आजही निघतं. ठरलेली बैठक, फुकटची खोली आणि छापलेला कागद, तिन्ही गोष्टी इथेही आहेतच, वाइनच्या दुकानाचा आग्रह मी धरत नाही.

तर तुम्ही काय करावं. वार ठरवा, महिन्याचा दुसरा शनिवार म्हणा की दर सोमवार म्हणा, आणि पाचच जण आले तरी बैठक रद्द करू नका. दर बैठकीला निदान एक तरी गोष्ट अशी असू द्या की जी सांगणाऱ्याने स्वतः मोजलीय किंवा बघितलीय, मग ती विहिरीच्या पाण्याची पातळी असो, कॉलेजच्या गच्चीवरचा पाऊस असो, किंवा एखाद्या वर्गात कुठला प्रयोग का फसतो हे असो. यूट्यूबवर मिळेल असं भाषण गावात ठेवायची गरज नाही. बोललेलं दोन ते चार पानांत लिहून घ्या, तारीख आणि नाव घालून, मराठीत चालेल, आणि वर्षातून एकदा छापा, पन्नास प्रती पुरतात. त्यातल्या वीस शेजारच्या जिल्ह्यांतल्या कॉलेजांना, मराठी विज्ञान परिषदेच्या विभागांना, शेती विद्यापीठाला पाठवा आणि तुमचं आम्हाला पाठवा असं पत्र जोडा. पीडीएफ टाका, पण कागद पण ठेवा, ग्रुपवरच्या फाइली फोनबरोबर जातात. पुढे अंक नियमित झाला की आयएसएसएन, म्हणजे नियतकालिकाचा ओळख क्रमांक, मागा, तो दिल्लीच्या राष्ट्रीय केंद्राकडून मोफत मिळतो. मात्र प्रमोशनच्या पॉइंटसाठी पेपर टाकायची गर्दी लगेच सुरू होईल. तेव्हा बैठकीत वाचलं नाही ते छापायचं नाही, हा नियम आधीच लिहून ठेवा. केंब्रिजच्या अंकांत ‘अमुक तारखेला वाचला’ असं मथळ्याखाली छापायचे, तसं.

आता नोंदणीचं. १८६० च्या सोसायटी कायद्याखाली किमान सात जण लागतात, आणि महाराष्ट्रात सार्वजनिक न्यास म्हणूनही नोंदवावी लागते, म्हणजे दरवर्षी ऑडिट, फेरफार अर्ज, धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसच्या चकरा. पैसे गोळा करायचे नसतील तर पहिली दोन-तीन वर्षं कॉलेजच्या छत्राखाली चालवा. केंब्रिजवाल्यांना सनद मिळायला तेरा वर्षं लागली होती, आणि एअरीचा चष्मा तोपर्यंत तयार झालेला होता.